नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे मग हक्काचा वाद कशाला, असं काहीजण म्हणतात म्हणून लिहितेय. सज्ञान बाई असेल तर कायद्याने फक्त तिचीच संमती लागते, तरी माझ्या मावसबहिणीचा केसपेपर काउंटरवरून 'मिस्टरांची सही आणा' म्हणून परत सरकवला आणि मिस्टर तेव्हा बोटीवर, मग तिने करायचं काय? २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित बायकांनाही २० ते २४ आठवड्यांच्या गरोदरपणात ठराविक बायकांना गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीत घेतलं आणि डॉक्टरांनी जास्तीच्या अटी लावू नयेत हेही सांगितलं, ते चांगलंच झालं. पण मुळात कायदा शेवटचा शब्द डॉक्टरांच्या मताला देतो, बाईच्या इच्छेला नाही, खरा राग मला त्याचाच येतो. कुणी सही मागितलीच तर कुठल्या कलमाखाली ते लेखी द्या म्हणा.