मदत हवी आहे: घाईत घेतलेली पैठणी
लेकीच्या साखरपुड्याला चारच दिवस उरले होते, म्हणून येवल्याला जायचं सोडून इथल्याच एका दुकानातून हातमागाची म्हणून १८ हजारांची पैठणी घेतली. उलटून बघायचंही सुचलं नाही. काल घडी घालताना पदराची मागची बाजू दिसली, मोरांच्या मागे सगळे सुटे, कातरलेले धागे! हातमागाचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो ना? वर्षभर साठवलेले पैसे होते हो, जीव फार हळहळतोय. पावतीवर नुसतं 'सिल्क साडी' लिहिलंय, शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबलही नाही. दुकानदार म्हणतो, नेसलेली साडी परत घेत नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर अशी तक्रार कुणी केली आहे का? पावतीवर 'हातमाग' नसेल तर ऐकून घेतात का? आणि धागा जाळून न बघता रेशीम कुठे तपासून मिळेल?