संशोधन वर्गात कसं न्यायचं? माझा पहिला प्रयत्न फसलाय

नवी_जबाबदारी:

नमस्कार मंडळी. सतरा वर्षं विज्ञान शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन हे दुसरं वर्ष. माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात सांगितलं की प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. मला ते लगेच पटलं. शाळेत आल्यावर सगळ्या वर्गांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, मुलांच्या नावापुढे शैली लिहून याद्या लावल्या आणि टाचणात तिन्ही शैलींचे तीन रकाने वाढवले. शिक्षकांनी निमूटपणे सगळं केलं. रात्री घरी बसून रकाने भरले.

मग एक दिवस सहावीच्या वर्गात मागे बसले होते. बाईंनी एका मुलाला उतारा वाचायला उठवलं. तो म्हणाला, "बाई, मी ऐकून शिकणारा आहे. मला वाचून येत नाही." तो अगदी मनापासून बोलत होता, आणि ही समजूत त्याच्या डोक्यात मीच घातली होती.

त्यानंतर मी स्वतः वाचायला बसले. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन तपासलं होतं. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरं, पण ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर मूल जास्त शिकतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मी याद्या काढल्या, रकाने काढले, शिक्षकांची माफी मागितली.

आता अडचण अशी की "संशोधनात असं दिसलंय" एवढं म्हटलं तरी शिक्षक खोलीत सगळ्यांच्या माना खाली जातात. त्यांचं चुकत नाही. पण सोडूनही द्यायचं नाहीये मला. काय निवडायचं, आणि ते वर्गापर्यंत न्यायचं कसं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

---

सातवी_ब:

मॅडम, माफी मागितलीत हे वाचून बरं वाटलं. मी सतरा-अठरा प्रशिक्षणं केली असतील, चूक झाली असं सांगायला परत कुणी आलं नाही.

शिक्षिका म्हणून एवढंच सांगते: नवीन काही आणणार असाल तर आधी आमचं एखादं काम कमी करा. माझ्या हाती खरोखर लागलेली गोष्ट एकच, आणि तिला रकाना लागला नाही. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मी मनात तीन आकडे मोजायला लागले. पहिले चार दिवस ती शांतता सहन होत नव्हती. पाचव्या दिवशी खिडकीजवळची मुलगी बोलली. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीलाच ऐकला होता.

---

गणिताचा_तास:

मॅडम, जरा सविस्तर लिहितो, कारण हे मी स्वतः अनुभवलंय.

चोवीस वर्षं गणित शिकवतोय. लसावि-मसावि दरवर्षी त्याच खाचखळग्यातून जायचं. लसाविचा सराव संच दिला की वर्ग सपासप सोडवायचा, मसाविचा दिला की तोही सपासप. वह्यांमध्ये बरोबरच्या खुणाच खुणा. मग घटक चाचणीत शाब्दिक उदाहरण आलं की निम्मा वर्ग भलतंच काढून मोकळा. आम्ही म्हणायचो, पोरं अभ्यास करत नाहीत.

पुढे डग रोअरर आणि केली टेलर यांचा २००७ सालचा प्रयोग वाचनात आला. त्यांनी विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर.

ते आकडे वाचले आणि मला माझ्या वह्या दिसल्या. "लसाविवरील उदाहरणे" असं शीर्षक वर असलं की उदाहरण वाचायची गरजच काय? आलेल्या संख्या उचलायच्या आणि लसावि काढायचा. कोणती रीत लावायची हे ठरवण्याचं काम शीर्षकच करून टाकतं, आणि चाचणीत नेमकं तेच मुलांना करायचं असतं.

म्हणून शीर्षकं काढून टाकली. रोज सहा उदाहरणं, त्यांतली दोन आजच्या घटकाची, बाकीची मागची. एक घंटा दर १२ मिनिटांनी वाजते, दुसरी दर १८ मिनिटांनी, आत्ता दोन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकत्र कधी वाजतील? त्याच्या खालोखाल: ३६ मीटर आणि ४८ मीटरच्या दोन दोऱ्यांचे सारख्या लांबीचे, मोठ्यात मोठे तुकडे करायचेत, काही उरता कामा नये, तर एक तुकडा केवढा? पहिल्याच दिवशी एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. "सर, हे लसाविचं आहे की मसाविचं?" इतक्या वर्षांत सरावाच्या वेळी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण मी तो विचारायची वेळच येऊ देत नव्हतो. मी विचारलं, उत्तर ३६ पेक्षा मोठं येईल की लहान? ती बराच वेळ दोरीकडे, म्हणजे तिने वहीत काढलेल्या रेघेकडे, बघत राहिली. "तुकडा दोरीपेक्षा मोठा कसा होईल?" म्हणाली आणि जागेवर गेली.

आता तुमच्या कामाचं सांगतो. पहिले पाच-सहा आठवडे वह्यांत फुल्याच फुल्या. पालक आले. "आधी सगळं बरोबर यायचं, सरांनी काय चालवलंय?" पर्यवेक्षकांनी वह्या पाहिल्या आणि मला बोलावलं. प्रयोग तिथेच बंद पडायचा.

तो टिकला तो आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिकांमुळे. त्यांनी तो शोधनिबंध माझ्याकडून मागून घेतला आणि दोन दिवसांनी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मुलांबरोबर ती सहा उदाहरणं सोडवली. एक चुकलंही त्यांचं. पालक सभेत त्या स्वतः उभ्या राहिल्या, ८९ आणि ६० हे आकडे फळ्यावर लिहिले, बाजूला २० आणि ६३ लिहिले, आणि म्हणाल्या, सहामाहीपर्यंत फुल्या दिसतील, त्याची जबाबदारी माझी. सहामाहीत शाब्दिक उदाहरणं कोरी सोडणारी मुलं बरीच कमी झाली. पण ते कळायला चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत मला कुणी हात लावला नाही.

व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळेच्या नेतृत्वावरचे अभ्यास एकत्र केले होते. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं, याचा मुलांच्या शिकण्याशी सगळ्यांत मोठा संबंध दिसला. परिणाम किती मोठा हे सांगणारं माप (इफेक्ट साइझ) तिथे ०.८४ होतं. दुसऱ्या क्रमांकाच्या बाबींचा ०.४२. हे वाचताना मला तो शेवटचा बाकच आठवला.

तेव्हा काय निवडायचं याला माझं उत्तर असं: अशी गोष्ट घ्या, जिचा मधला काळ कसा दिसेल हे तुम्हाला आधी सांगता येतंय. शैलींच्या यादीत मधला काळ नव्हताच. सगळं पहिल्या दिवसापासून छान दिसत होतं.

---

पुन्हा_विचार:

वरचा प्रतिसाद आवडला, पण दोन शंका. २००७ चा तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता, तो शाळेला जसाच्या तसा कसा लावायचा? आणि ०.८४ सारखे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी असतात. त्यांवरून शाळांचे निर्णय घेतलेले मी पाहिलेत. सरासरी चांगली आली म्हणजे तुमच्या वर्गात तसंच होईल असं नाही.

---

गणिताचा_तास:

पहिली शंका मलाही होती. रोअरर यांनीच पुढे सातवीच्या मुलांवर प्रत्यक्ष वर्गांत प्रयोग केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. महिन्याभराने घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेली मुलं ७४ टक्के, सलगवाली ४२. दुसरी शंका मान्य. म्हणूनच मी आकड्यापेक्षा कारण धरून ठेवतो. रीत निवडण्याचा सराव होतो म्हणून फरक पडतो, हे कळलं की कुठे लागू करायचं नाही हेही कळतं. घटक अगदी नवा असेल तेव्हा मी पहिले दोन तास सलगच उदाहरणं देतो. रीतच माहीत नसेल तर निवडायचं काय?

---

नवी_जबाबदारी:

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे दोनदा वाचलं.

आज शिक्षक खोलीत संशोधनाचं नावही काढलं नाही. आठवीचे विज्ञानाचे दोन तास अजून माझ्याकडे आहेत. आमच्या गणिताच्या बाईंना विचारलं, माझ्या तासाला मागे बसाल का, आणि प्रश्न विचारल्यावर मी किती सेकंद थांबते तेवढंच लिहाल का? त्या आधी बघतच राहिल्या, मग आल्या. विषय घनतेचा होता. एकूण एकोणीस प्रश्न विचारले मी, तीन सेकंद थांबले फक्त दोनदा. कागद माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "माझंही असंच होत असेल. गुरुवारी तुम्ही याल का माझ्या वर्गात?"

तासाच्या बदल्यात त्यांचा पाचवीचा बदली तास मी घेतलाय. @सातवी_ब, आधी काम कमी करा म्हणालात ते लक्षात ठेवलं. @गणिताचा_तास, मिसळलेले सहा-सहाचे संच तुमच्याकडे जपून ठेवलेले असतील तर इथे टाकाल का? गुरुवारी जाताना घेऊन जाईन, आणि आधी स्वतः सोडवेन.