मदत हवी आहे: ट्राफल्गारचं फ्रेंच जहाज १९४९ साली ब्रिटिशांकडे कसं?

दर्यावेडा: रात्री बाराच्या आत लेख पाठवायचाय आणि मी इथेच अडकलोय. स्पेनजवळ ट्राफल्गारला ब्रिटिशांशी जी समुद्री लढाई झाली, तिच्यात हे जहाज फ्रेंचांकडून लढलं. १९४९ साली ब्रिटिशांनी ते बुडवलं. जहाज एकच की दोन?

गोदीकर: नाव तर लिहा! त्या दिवशी फ्रेंचांची १८ मोठी जहाजं होती.

दर्यावेडा: राहिलंच. द्युगे-त्रुएं, ७४ तोफांचं.

नानाकाका: ट्राफल्गारलाच पकडलं. ब्रिटिशांनी नाव बदललं. विषय संपला.

मीरा_: नाही हो काका. २१ ऑक्टोबर १८०५ ला ते फ्रेंच नौदल अधिकारी द्युमान्वारच्या तुकडीत, रांगेच्या पुढच्या टोकाला होतं. वारा इतका पडलेला की जहाजांची तोंडं फिरवायला होड्या लावाव्या लागल्या. तोवर मधली फळी मोडली होती. द्युमान्वार यासह चार जहाजं घेऊन निसटला. ४ नोव्हेंबरला उत्तर स्पेनच्या केप ऑर्तेगालपाशी ब्रिटिशांच्या स्ट्रॅकनने चारही धरली, याचा कप्तान तूफे तिथेच मारला गेला. जहाज एकच, ब्रिटिशांकडे ‘इम्प्लॅकेबल’ हे त्याचंच पुढचं नाव.

नानाकाका: दोन आठवड्यांचा तर फरक!

मीरा_: काका, ‘ट्राफल्गारला पकडलं’ असं छापलं तर ती चूकच.

सागवान: पोर्ट्समथला त्याच्या शेजारी नांगरलेलं ‘फुड्रॉयंट’ म्हणजे मूळचं ‘ट्रिंकोमाली’. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं. आजही हार्टलपूलला तरंगतंय. खरं तर त्याच्यावर लिहा.

दर्यावेडा: सागवान, लेख याच जहाजावर ठरलाय. ते का बुडवलं, सांगा ना कुणीतरी.

टेम्सकाठी: पैशांपायी. १८५५ पासून ते पोरांना शिकवायला वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च कुणालाच झेपेना. फ्रान्सला देऊ केलं, त्यांनीही घेतलं नाही. २ डिसेंबर १९४९ ला दोन्ही देशांचे झेंडे लावून समुद्रात नेलं आणि सुरुंग लावले. लगेच बुडालंही नाही. मागची बाजू काढून ठेवली होती, ती ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. मी खाली उभी राहून मान वर करून बघत होते. खिडक्यांची रांग, कोरीव लाकूडकाम, जुन्या वाड्याचा सज्जाच वाटला. डोळ्यांत पाणी आलं.

गोदीकर: १८०८ विसरू नका. बाल्टिकमध्ये याच जहाजाने ब्रिटिशांच्याच ‘सेंटॉर’ जहाजासोबत रशियाचं ‘व्सेवोलोद’ हे लढाऊ जहाज पाडाव केलं.

दर्यावेडा: सगळ्यांचे आभार. सुरुवात आता त्या खिडक्यांपासूनच करतो. टेम्सकाठी, फोटो असेल तर टाका ना, बारा वाजायच्या आत.

सागवान: ट्रिंकोमालीचे माझ्याकडे आहेत, टाकू?