फाइल रिकामी राहते ते बफरमुळे

सी भाषेतल्या प्रोग्रामचं आउटपुट टर्मिनलवर दिसतं, पण फाइलकडे वळवलं की फाइल शून्य बाइटची राहते, अशी तक्रार असते. डिस्कला दोष देऊ नका. आउटपुट लिहिणारी सी लायब्ररी ते आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात ठेवते. टर्मिनल असेल तर ती ओळ संपताच लिहिते. फाइल असेल तर बफर भरेपर्यंत थांबते, लिनक्सवर सहसा 4096 बाइट. प्रोग्राम नीट संपला तर बफरमध्ये उरलेलं फाइलीत उतरतं, 'किल -9' (प्रोग्राम जबरदस्तीने तत्काळ बंद करणारी आज्ञा) मारलंत तर गेलंच. स्टडएररला (stderr, चुकांचे संदेश जातात तो वेगळा प्रवाह) बफर नसतो, म्हणून नेहमीचं आउटपुट आणि स्टडएरर दोन्ही एकाच फाइलीत वळवले की क्रम बिघडतो. कोड हातात असेल तर एफफ्लश (fflush, बफर लगेच रिकामा करणारं फंक्शन) घाला, नसेल तर 'स्टडबफ -ओएल' (stdbuf -oL, ओळ संपताच लिहायला लावणारी आज्ञा) लावून चालवा (स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लायब्ररी आतच जोडलेल्या प्रोग्रामवर चालत नाही). आणि फाइल बंद करणाऱ्या एफक्लोज (fclose) फंक्शनचं उत्तर तपासाच. डिस्क भरल्याची चूक कित्येकदा तिथेच कळते.