नवऱ्याला नोकरी सोडून नगरसेवक व्हायचंय, याला करिअर म्हणायचं का?

उपनगरवाली
नमस्कार. आम्ही गोरेगावला राहतो. मिस्टर बारा वर्षं पक्षाचं काम करतायत, आधी गटप्रमुख मग उपशाखाप्रमुख, सगळं नोकरी सांभाळून. यंदा तिकीट नक्की असं जो तो म्हणत होता आणि नोव्हेंबर २०२५ च्या आरक्षण सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म दुसऱ्याच कोणाच्या तरी बायकोला गेला आणि आमच्या घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नाही. आता म्हणतायत की नोकरी सोडतो, पाच वर्षं पूर्णवेळ उतरतो, पुढच्या वेळी वॉर्ड ओपन पडला तर मी आणि नाही पडला तर तू उभी राहा. मी एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. राजकारण घाणेरडं वगैरे लेक्चर नको, ते सासूबाई देतात. एवढंच सांगा की यात काम नक्की काय असतं, पैसे किती आणि माणसाचं पुढे काय होतं.

शाखेतला_जुना
वहिनी, आधी पैशाचं बोलू. मुंबईत मानधन महिना २५ हजार, २०१७ ला वाढवलं, त्याआधी १० हजारच होतं. आमदाराला एक टर्म केली तरी पेन्शन आहे, नगरसेवकाने तीन टर्म केल्या तरी काही नाही. त्या २५ हजारात ऑफिसचं भाडं, बसायला एक पोरगा आणि दिवसभराचा चहा, संपले. मग लग्नाची पाकिटं, मंडळांच्या वर्गण्या, जूनमध्ये वह्यावाटप, रात्री दोनला कोणाकडे मयत झालं तर गाडी हे सगळं कुठून येतं ते मी इथे लिहीत नाही. ज्याचा स्वतःचा धंदा आहे, चार गाळे भाड्याने दिलेत तो टिकतो, बाकीचे एकतर कर्जात जातात नाहीतर बिल्डरच्या ऑफिसात दिसायला लागतात.

काम म्हणाल तर सकाळी सातला फोन सुरू, गटार तुंबलं, पाणी प्रेशरने येत नाही, झाड पडलं, शेजाऱ्याने जिना अडवला. २०११ ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ धरून २२७ वॉर्डांनी भागा, एकेका वॉर्डात ५५ हजारच्या आसपास माणसं येतात, आमच्या तालुक्याच्या गावात तेवढी नाहीत. त्यातल्या निम्म्यांना वाटतं की साहेब रिकामेच बसलेत.

आणि एक विसरू नका. मार्च २०२२ ला मुदत संपली ती जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच नव्हती, सरकारने नेमलेला प्रशासक कारभार बघत होता. जवळपास चार वर्षं सगळे 'माजी'. मानधन बंद, निधी बंद, लोकांचे फोन मात्र चालू. माझ्या ओळखीच्या एकाने त्या काळात ऑफिस चालवायला गावची जमीन काढली. तिकीट नाही मिळालं.

रिटायर्ड_चिटणीस_खाते
महापालिकेत नोकरी केली, सभागृहाची कामकाजपत्रिका काढण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं.

लोकांना वाटतं नगरसेवक म्हणजे सत्ता. आपला कायदा १८८८ चा आहे आणि त्यात कारभार आयुक्तांच्या हातात, आयुक्त राज्य सरकार नेमतं. नगरसेवकाच्या हातात प्रश्न, ठरावाची सूचना, हरकतीचा मुद्दा आणि स्थायी समितीत (पैशाचे प्रस्ताव जिथे मंजूर होतात ती समिती) गेला तर खर्चाच्या प्रस्तावाला मान्यता. हे वापरणारे मी थोडे बघितले, बाकीचे सही करून कॅन्टीनला. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, पण ते पुस्तक उघडणारे किती म्हणाल तर बोटावर मोजण्याइतके.

तुम्ही गोरेगावच्या म्हणून मृणाल गोरे आठवल्या. १९६१ ला पालिकेत निवडून आल्या, गोरेगावच्या पाण्यासाठी हंडे घेऊन मोर्चे काढले, १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा तेव्हाचीच, दिल्लीवाली म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी. छगन भुजबळ भायखळ्याला भाजीचा धंदा करायचे, १९७३ ला नगरसेवक, १९८५ ला महापौर. फडणवीस १९९२ ला नागपुरात नगरसेवक, २७ व्या वर्षी महापौर. ही नावं प्रत्येक शाखेत सांगितली जातात. मागे राहिलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही, आमच्या खात्यात जुनी हजेरीपटं होती तेवढीच.

शिवाय वॉर्ड दर वेळी सोडतीत फिरतो. पाच वर्षं तुम्ही झाड वाढवायचं आणि सावलीत बसायला दुसराच. राखीव जागेवर जात पडताळणी अडकली तर निवडून आलेलं पदसुद्धा जातं.

कोथरूडकर
आमच्याकडे तर अजून मज्जा, पुण्यात प्रभाग पद्धत. एका प्रभागात चार नगरसेवक, खड्डा एकच, उद्घाटनाच्या पाट्या चार 😄 खड्डा पडला की चौघंही म्हणतात तो माझ्या भागात नाही. एकट्याचं काम कितीही चांगलं असू दे, चौघांचं पॅनल पडलं की तोही पडला. स्थायीत १६ जण, त्यातले निम्मे वर्षाने बाहेर, म्हणून पहिल्या दिवसापासून नंबर लावायला पळापळ. ज्यांना काहीच नाही मिळत ते स्वीकृत नगरसेवक (निवडणुकीशिवाय पक्षाकडून नेमलेले) होण्यासाठी शहराध्यक्षांच्या दारात.

एक_टर्म_केलेली
मी महिला आरक्षणातूनच आलेली, शहर सांगत नाही. ताई तुझ्या पोस्टमधलं 'नाहीतर तू उभी राहा' हे वाक्य मला टोचलं म्हणून लिहितेय. माझ्याकडेही असंच झालं होतं. पहिलं वर्षभर वॉर्ड ऑफिसात खुर्चीवर मी आणि इंजिनिअर बोलायचा ह्यांच्याशी, बॅनरवर माझ्यापेक्षा ह्यांचा फोटो मोठा. एका मीटिंगला हे आजारी पडले म्हणून एकटी गेले, डांबराच्या कामाचं बिल हातात आलं, बीएडला बसण्याआधी मी एका दुकानात हिशेब लिहायचे त्यामुळे बेरीज जमत नाही हे लगेच कळलं. विचारलं तर सगळे गप्प. त्या दिवसापासून फोन मीच उचलायला लागले. पुढच्या वेळी वॉर्ड महिलांसाठी राखीव राहिला नाही आणि पक्षाने मला हळदीकुंकवाचं आमंत्रणही दिलं नाही हे वेगळं. आता परत शाळेत शिकवते, ट्रस्टी बरे निघाले म्हणून घेतलं.

त्यांनी उतरावं की नाही ते तुम्ही दोघं बघा, पण नोकरी तू सोडू नकोस आणि नुसती सहीसाठी उभी राहू नकोस.

उपनगरवाली
सगळ्यांचे आभार. मिस्टरांना वाचायला दिलं. मानधनाचा आकडा त्यांना माहीत होता म्हणे, मला सांगायचं राहिलं. सध्या एवढंच ठरलंय की ते नोकरी सोडत नाहीत, शनिवार-रविवार शाखा. चिटणीस काका, ते बजेटचं पुस्तक बाहेरच्या माणसाला बघायला मिळतं का?

रिटायर्ड_चिटणीस_खाते
पालिकेच्या वेबसाइटवर असतं, फुकट. जाड आहे, रविवारी उघडा.