कंबरदुखी: रोजच्या कोणत्या सवयीमुळे कंबर धरली? अनुभव लिहा

कंबर दुखते म्हटलं की जो तो मलम नाहीतर पट्टा सुचवतो, दिवसभर आपण नेमकं काय करतो ते कुणीच विचारत नाही. म्हणून हा धागा. अगदी बारीकसारीक लिहा, तेच हवंय.

माझं दुखणं सकाळचं. उठल्या उठल्या वाकून पांघरुणांच्या घड्या, मग बेसिनवर वाकून दात घासणं, मग खाली बसलेल्या पिल्लूला उचलून कडेवर घेणं. फिजिओताईंनी सांगितलं की रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर लगेच वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आता अंथरुणातून कुशीवर वळून उठते, दात घासताना एक हात बेसिनवर टेकवते आणि घड्या अंघोळीनंतर. सकाळची कळ बरीच कमी झालीये.

---

माझं कारण पाकीट! मागच्या खिशात कार्डं, बिलं, सुटे पैसे सगळं कोंबलेलं, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे त्यावरच बसून राहायचं, म्हणजे कंबर सगळा वेळ तिरकी. उजव्या बाजूला ढुंगणापासून पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या, मला वाटलं सायटिकाच झाला. ऑर्थोवाल्या डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, पाकीट कुठे ठेवता? पुढच्या खिशात ठेवायला लागलो आणि मुंग्या हळूहळू थांबल्या.

---

आमच्याकडे रत्नागिरीत भातलावणीच्या दिवसात आई, काकी सगळ्या दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. त्याला सवय तरी कसं म्हणायचं, पोटाचं कामच आहे ते, "वाकू नका" सांगणाऱ्याने एकदा आवणात, म्हणजे लावणीच्या चिखलात, उतरून बघावं. पण दोन गोष्टींनी खरंच फरक पडला. तरवा म्हणजे भाताची रोपं काढायला आई आता पाट घेऊन बसते, आणि लावताना मूठ संपली की दुसरी घ्यायच्या आधी सरळ उभी राहते, दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा मागे झुकते. आधी बायका हसायच्या, आता बऱ्याच जणी तसंच करतात.

---

सिलिंडरबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. घरगुती सिलिंडरमधे नुसता गॅसच 14.2 किलो, वर टाकीचं वजन, म्हणजे भरलेला तीसेक किलो होतो. माझी उसण भरायची ती उचलताना नाही तर उचलून कमरेतून वळताना. आता तिरका करून गोल गोल फिरवत नेतो, आणि पाण्याची बादली असली तरी गुडघ्यात वाकून अंगाजवळ धरून उचलायची आणि वळायचं तर पावलं टाकून वळायचं.

---

माझा अनुभव वेगळाय. "मणक्यात गॅप आहे" एवढं कानावर पडलं आणि भीतीने मी हलणंच बंद केलं, दिवसभर पडून, त्याने पाठ अजूनच आखडली. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की ज्यांचं काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमधेही गादी जरा सरकलेली दिसते. रोज थोडं थोडं चालायला लावलं त्यांनी. चालण्यानेच मी उभी राहिले.

---

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एक कळकळीची विनंती. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना, तर सवयी शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. बाकी बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यात उतरते. आणि "सरळ बसा" म्हणून ताठ बसून राहू नका, कुठलीही एकच पोझिशन तासन्तास धरली की त्रास होतोच. अर्ध्या तासाने उठा, पाणी भरून आणा, फोन उभ्याने घ्या.

---

ताई, भांडी घासताना काय करावं? माझी उंची जास्त, सिंक खोल, सगळा वेळ वाकूनच उभी असते.

---

सिंकमधे एक घमेलं उपडं घालून त्यावर भांडी घ्या, तेवढंच वाकणं कमी होतं. आणि खालच्या कपाटाचं दार उघडून एक पाय आतल्या फळीवर टेकवा, थोड्या वेळाने दुसरा. करून बघा आणि इथे सांगा.