रॉबर्टो अगुआयो : किकर बिघडला की संघाने बिघडवला?

खेळगडी
अमेरिकन फुटबॉलमधल्या किकरचं काम ऐकायला सोपं असतं: चेंडू दोन खांबांमधून मारायचा. फ्लोरिडा स्टेटच्या रॉबर्टो अगुआयोने कॉलेजात ते सोपं करूनही दाखवलं. 2013 मध्ये, पहिल्याच हंगामात, देशातल्या सर्वोत्तम किकरचा लू ग्रोझा पुरस्कार. संघ राष्ट्रीय विजेता. तीन हंगामांत 198 पैकी 198 एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतर मिळणारी एका गुणाची किक), 78 पैकी 69 फील्ड गोल (चालू खेळातली तीन गुणांची किक), आणि 40 यार्डांच्या आतून एकही चूक नाही.

एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ ड्राफ्टमध्ये कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात. 2016 च्या ड्राफ्टमध्ये टँपा बे बकनियर्स संघाने कॅन्सस सिटीच्या संघाला आपल्या दोन निवडी देऊन त्याला दुसऱ्या फेरीत, 59व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी 31 पैकी 22 फील्ड गोल. ऑगस्ट 2017 मध्ये सराव सामन्यात दोन किक हुकल्या आणि त्याला काढून टाकलं. नियमित हंगामातला एकही सामना त्यानंतर त्याच्या वाट्याला आला नाही.

माझं स्पष्ट मत आहे की या मुलाचं वाटोळं संघाने केलं. इतक्या वरच्या फेरीत किकर सहसा कोणी घेत नाही. त्यामुळे त्याची प्रत्येक चूक ही निवड करणाऱ्यांची चूक ठरू लागली, आणि ते ओझं त्याच्या पायावर आलं. ॲडम विनाटिएरी या किकरला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. तो पुढे लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला.

जास्वंदी
अजिबात पटलं नाही. दडपण सोसणं हाच तर किकरचा धंदा. सबॅस्टियन यानिकोव्स्की हा किकरही याच फ्लोरिडा स्टेटचा. रेडर्स संघाने त्याला 2000 मध्ये चक्क पहिल्या फेरीत घेतलं, म्हणजे ओझं दुप्पट. तो कुठे मोडला?

अगुआयोच्या आकड्यांतही धोक्याची घंटा आधीच वाजली होती. कॉलेजातल्या शेवटच्या हंगामात 26 पैकी 21, आणि हुकलेल्या पाचही किक 40 यार्डांच्या पलीकडच्या. 198 एक्स्ट्रा पॉइंटचं कौतुक करताना एक लक्षात घ्या, कॉलेजात ती किक साधारण 20 यार्डांची असते. एनएफएलने 2015 पासून ती 33 यार्डांवर नेली.

खेळगडी
यानिकोव्स्कीचं नाव काढलंत ते बरं झालं. त्याचा पहिला हंगाम बघा: 32 पैकी 22! अगुआयोपेक्षा एक किक जास्तच हुकली. पण रेडर्सनी त्याला सांभाळलं, आणि तो त्यांच्याकडे 2017 पर्यंत टिकला. अगुआयोला दुसरा हंगाम सुरूही करू दिला नाही.

शिवाय 33 यार्ड म्हणजे 40 च्या आतच. तिथून तो कॉलेजात कधी हुकतच नव्हता, मग अंतराचा प्रश्न येतो कुठे? ऑक्टोबर 2016 मधला कॅरोलायनाविरुद्धचा सामना आठवा. 33 आणि 46 यार्डांवरून चुकला, आणि घड्याळ संपताना 38 वरून मारून 17-14 असा सामना जिंकून दिला. पायात दम नसलेल्याला हे जमत नाही.

पैलतीर
एक तांत्रिक बाजू राहून जातेय. कॉलेजात प्रत्येक संघ आपलेच, वापरून मऊ झालेले चेंडू वापरतो. एनएफएलमध्ये तेव्हा किकसाठी वेगळे, कोरे चेंडू असायचे. मात्र मैदानावरच्या हॅश मार्कच्या दोन रेषा (ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो) कॉलेजात एकमेकींपासून 40 फुटांवर, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर, म्हणजे कोन उलट सोपा होतो. खेळातल्या फरकाने सगळं अपयश समजावता येत नाही.

जास्वंदी
तेच म्हणतेय मी. आणि टँपाने एकट्याने अन्याय केला म्हणावं, तर पुढे शिकागो, कॅरोलायना, चार्जर्स, पेट्रियट्स या सगळ्यांनी त्याला जवळून पाहिलं. एकानेही नियमित हंगामातल्या सामन्यात उतरवलं नाही. सगळेच चुकले का?

खेळगडी
तोवर उशीर झाला होता हो. टँपाची घाई बघायची असेल तर किकर मॅट गे घ्या. 2019 मध्ये पाचव्या फेरीत घेतला, एका हंगामानंतर काढला. जानेवारी 2022 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, रॅम्स संघाकडून शेवटच्या क्षणी 30 यार्डांवरून मारून त्यानेच टँपाला 30-27 असं घरी बसवलं. पुढच्याच महिन्यात रॅम्सबरोबर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

जास्वंदी
गेचं मान्य, ती टँपाची चूकच. पण त्याने रॅम्सकडे मिळालेल्या संधीचं सोनं केलं. अगुआयोला चार ठिकाणी सराव शिबिरात किंवा सराव संघात जागा मिळाली होती.